फुगलेले धिरडे आणि करणारीचे पान

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. माझ्या लग्नालाही तेवढीच झाली. चिटणीसबाई कित्येक दिवस मागे लागल्या होत्या की, "तुम्ही परदेश पाहून आलात, स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन द्या." मी सातवी शिकलेली बाई. शिवाय प्रवासवर्णन लिहिण्याइतके मी पाहिलेही नाही; तिथले तीन महिने मी बहुतेक जावेच्या स्वयंपाकघरातच काढले. तेव्हा त्या स्वयंपाकघरात जे पाहिले त्याचाच इतिहास लिहिते. न्याहारीच्या एका पदार्थाला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटत होते.

आमचे घर कुडाळकडचे. सकाळच्या न्याहारीला घावने नाहीतर आंबोळ्या. चुलीवर बिडाचा तवा चांगला तापवायचा, नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचे, पीठ ओतायचे, झाकण ठेवायचे, मग उलटायचे. एका वेळी एकच घावन होते. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूसासरे, आम्ही दोघे आणि दीर होते. पुढे दोन मुले झाली म्हणजे माणसे सात. प्रत्येकाची तीन म्हटली तरी एकवीस घावने, आणि एकाला तीन मिनिटे धरली तरी तासाच्या वर वेळ जातो. कोणाला शाळा, कोणाला दुकान. एकेक जण येतो, गरम गरम खातो आणि उठतो. करणारी चुलीपाशीच असते. तिचे पान शेवटी, आणि तोवर चटणीचे भांडे पुसून निघालेले असते. सासूबाईंनी तसेच केले, मीही तसेच केले. यात दोष कोणाचाच नाही, तवाच तसा आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

सन २०२२ च्या उन्हाळ्यात धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत सिॲटल शहरी गेले. दीर तेथे संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहेत. त्यांना पहिला मुलगा आहे, आता मुलगी झाली. बारसे झाल्यावर एका रविवारी मी रोजच्याप्रमाणे लवकर उठून पिठाचे भांडे खाली काढले, तोच दीर आत आले आणि म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही बसा. आज मी डच बेबी करतो." घरात तीन आठवड्यांचे लेकरू, आणि हा माणूस बेबी करतो म्हणतो! मी दचकलेच. जाऊ हसून हसून बेजार झाली.

त्यांनी अंडी, दूध आणि मैदा एकत्र फेटला. बिडाचा जाड तवा, अगदी आपल्यासारखाच पण काठ उंच असलेला, ओव्हनमध्ये आधीच तापत ठेवला होता. त्यात लोणी टाकले, ते चरचरले, त्यावर पीठ ओतले आणि दार लावून घेतले. दहा मिनिटांनी मला काचेतून पाहायला बोलावले. पिठाच्या कडा वर चढत होत्या, मधला भाग डोंगरासारखा उठत होता. वीस मिनिटांनी दीर ओरडले, "चला, चला, सगळे बसा!" कारण बाहेर काढल्यावर ते दोन-तीन मिनिटांतच खाली बसते. त्यांनी चार भाग केले, वर लिंबू पिळले आणि पिठीसाखर भुरभुरली. चार माणसे, चार पाने, एकाच वेळी. मी पहिला घास तोंडात घातला तो गरम होता, आणि माझ्या हातात उलथने नव्हते.

हे धिरडे पहिल्यांदा कोणी केले, असे मी विचारले. दिरांनाही ठाऊक नव्हते. पण माझी चौकस वृत्ती पाहून त्यांनी वाचनालयातून पुस्तके आणली. संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन ते वाचत आणि मला मराठीत सांगत. बाळाच्या दुधाच्या वेळा लिहायच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ते उतरवून घेतले. पुढचा इतिहास त्या वहीतला आहे.

पीठ कालवून तव्यावर ओतणे ही युक्ती फार जुनी आणि सगळ्या देशांतली. युरोपात ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. पूर्वी त्यात अंडी, दूध, लोणी वर्ज्य असे. म्हणून उपवास लागण्याच्या आदल्या मंगळवारी घरातले हे जिन्नस संपवण्यासाठी घरोघर धिरडी होत. आपल्याकडे श्रावणाआधी गटारी करतात तसाच प्रकार. इंग्लंडात ओल्नी नावाचे गाव आहे. तेथे या दिवशी बायका हातात तवा घेऊन धावण्याची शर्यत लावतात. त्याची कथा अशी सांगतात की, १४४५ साली एक बाई धिरडी करीत असता देवळाची घंटा वाजली. प्रार्थनेला उशीर होईल म्हणून ती तव्यासकट पळत सुटली. लोक या गोष्टीला हसतात. मला मात्र त्या बाईचे हसू आले नाही. घंटा वाजली तरी तिला तवा खाली ठेवता आला नाही, हे मी ओळखले.

तव्यावरचे धिरडे तव्यावरून उतरून भांड्यात गेले ते इंग्लंडातच. त्या काळी मांसाचा मोठा तुकडा सळईला लावून विस्तवापुढे फिरवून भाजत. त्याची चरबी खाली ठिबके. कोण्या हुशार गृहिणीने त्याखाली धिरड्याच्या पिठाचे भांडे सरकवले. चरबी वाया गेली नाही आणि भांड्यातले पीठ शिजून फुगले. याची कृती १७३७ साली एका इंग्रजी पुस्तकात छापलेली सापडते. तेथे त्याला ठिबकणाऱ्या चरबीचे पुडिंग असेच नाव आहे. मांस महाग, पीठ स्वस्त. म्हणून हे पुडिंग रश्श्याबरोबर आधी वाढीत, म्हणजे पोटे निम्मी भरत आणि थोडे मांस साऱ्या घराला पुरे. काटकसरीची ही विद्या आपल्या कोणाही भगिनीला शिकवावी लागणार नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १७४७ साली, हॅना ग्लास या बाईंचे पाककृतींचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्यात याच पदार्थाला यॉर्कशायर पुडिंग हे नाव दिलेले आहे. आधी भांड्यात चरबी कडकडीत तापवावी आणि मगच त्यात पीठ ओतावे, ही खरी मेख त्यांनी लिहून ठेवली. दिरांनी सिॲटलमध्ये केले ते हेच. याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीचीही कृती आहे; इंग्रजीत छापलेली करीची ती पहिलीच म्हणतात.

या हॅनाबाईंची कहाणी ऐकून त्या रात्री मला झोप आली नाही. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर त्यांचे नावच नव्हते. "एका स्त्रीने लिहिलेले" एवढेच होते. त्याच वर्षी त्यांचे यजमान वारले. पदरी मुले. त्यांनी कपडे शिवण्याचे दुकान चालवले, त्यात कर्ज झाले आणि १७५४ साली दिवाळे निघाले. पुस्तकाचे हक्क विकावे लागले. १७५७ साली कर्जापायी तुरुंगवासही घडला. १७७० साली त्या वारल्या. पुस्तक मात्र पुढेही छापले जात होते, आणि हक्क विकलेले असल्याने त्याचा पैसा दुसऱ्यांकडे जात होता.

इतक्यावरच संपले नाही. मधल्या एका आवृत्तीत त्यांचे नाव छापले गेले होते, तरीही त्यांच्या मृत्यूनंतर लंडनच्या एका पुस्तक-व्यापाऱ्याने भर मेजवानीत सांगितले की, ते पुस्तक एका डॉक्टरने लिहिले आहे. त्या मेजवानीत इंग्रजी शब्दकोश रचणारे प्रसिद्ध विद्वान सॅम्युअल जॉन्सन होते. डॉक्टरची गोष्ट त्यांना पटली नाही; पण बायका सूत चांगले कातू शकतात, पाककृतींचे चांगले पुस्तक त्यांना लिहिता यायचे नाही, असे त्यांनी म्हटल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. स्वयंपाक करायचा बायकांनी आणि स्वयंपाकाचे पुस्तक लिहायचे पुरुषांनी! हॅना ग्लास हीच खरी लेखिका, हे १९३८ साली मॅडलिन होप डॉड्स या इतिहास अभ्यासणाऱ्या बाईंनी जुने कागद तपासून सिद्ध केले. हॅनाबाईंनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुष्कळ कृती दुसऱ्या पुस्तकांतून उचलल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण स्वतःचे नाव परत मिळायला त्यांना मरणानंतर एकशे अडुसष्ट वर्षे लागली.

या बाबतीत आपण मराठी बायका भाग्यवान. कमलाबाई ओगले यांचे शिक्षण चौथीपर्यंत. त्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले ते त्यांच्या स्वतःच्या नावाने. माझ्या रुखवतातच ते आले होते, आणि तेलाचे डाग पडलेली ती प्रत अजून फडताळात आहे.

विस्तवापुढचे पुडिंग ओव्हनमध्ये गेले ते लोखंडी शेगड्या आल्यावर. पण त्या जुन्या ओव्हनपाशीसुद्धा बाईला उभेच राहावे लागे. आच किती हे सांगणारे साधन नव्हते. हात आत घालून किती वेळ सोसवतो ते पाहायचे, किंवा चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात तांबूस होते ते मोजायचे. १९२३ साली इंग्लंडात गॅसच्या शेगडीला आच आपोआप कमीजास्त करणारी कळ बसवली गेली. आकड्यावर खूण फिरवली की झाले. दार लावून बाईला दुसऱ्या खोलीत जाता येऊ लागले. विमान आणि रेडिओ यांचे शोध मुले शाळेत शिकतात. या कळीचा शोध कोणी शिकवत नाही.

आता हे धिरडे सिॲटलला कसे पोचले ते सांगते. जर्मनीतही अंडी घालून केलेली जाड धिरडी जुनी आहेत. तिकडचे लोक अमेरिकेत जाऊन राहिले. जर्मन भाषेत जर्मनला 'डॉइच' म्हणतात. अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांना आजही 'डच' म्हणतात. हॉलंड देशाशी त्यांचा संबंध नाही. सिॲटलमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात व्हिक्टर मांका यांचे एक उपाहारगृह होते. तेथे जर्मन धिरड्याच्या धर्तीवरची लहान लहान फुगलेली धिरडी लिंबू आणि पिठीसाखर घालून देत. मालकांच्या लहान मुलीला 'डॉइच' म्हणता येईना, ती 'डच' म्हणे, त्यावरून 'डच बेबी' हे नाव पडले अशी कथा आहे. त्या नावाची १९४२ साली व्यापारी नोंद केल्याचेही ते घराणे सांगे. ते उपाहारगृह पुढे बंद झाले, पण शहरात पदार्थ राहिला. माझा थोरला लहानपणी घावनाला 'वावन' म्हणायचा, आणि आमच्या घरात अजून तोच शब्द चालतो. त्यामुळे ही कथा मला अगदी खरी वाटली.

साऱ्या अमेरिकेत हे धिरडे पोचले ते १९६६ साली. क्रेग क्लेबॉर्न हे न्यूयॉर्कच्या टाइम्स वर्तमानपत्रात खाण्यावर लिहीत. हवाई बेटांतल्या होनोलुलू येथे डेव्हिड आयर यांच्या घरी त्यांनी हे धिरडे न्याहारीला खाल्ले आणि कृती वर्तमानपत्रात छापली. तेव्हापासून ते पुष्कळ घरांत 'डेव्हिड आयर यांचे धिरडे' म्हणून ओळखले जाते. दोनशे वर्षांहून जास्त काळ किती बायकांनी हे पीठ फेटले असेल! नाव मात्र राहिले ते एका उपाहारगृहाचे आणि एका यजमानाचे. त्यांचा दोष नाही; त्यांनी आवडीने केले आणि आवडीने खाऊ घातले. पण चरबीखाली पहिले भांडे सरकवणारी कोण, ते आता कधीच कळणार नाही.

हे फुगते कसे, असे मला अनेकींनी विचारले आहे. यात सोडा नाही, खमीर नाही. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. दुधातल्या आणि अंड्यातल्या पाण्याची कडक आचेने एकदम वाफ होते. मैद्यातला चिवटपणा आणि अंडे ताणले जाऊन ती वाफ आत धरून ठेवतात, आणि तेवढ्यात कडा शिजून घट्ट होतात. बाहेर काढले की वाफ निवते आणि मधला भाग बसतो. आपल्या तांदळाच्या पिठात तो चिवटपणा नाही, म्हणून घावनाला जाळी पडते पण ते फुगत नाही. यॉर्कशायर पुडिंग चार इंच तरी फुगलेच पाहिजे, असे २००८ साली इंग्लंडातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने जाहीर केले होते. विद्वानांनी आता पुडिंगकडे एवढे लक्ष द्यावे, हे पाहून हॅनाबाईंना काय वाटले असते कोण जाणे.

परत आल्यावर भिशीच्या पैशांतून मी लहान ओव्हन घेतला. पहिल्या खेपेला घाईत थंड तव्यात पीठ ओतले. ते वातड झाले आणि मुलांनी तोंडे फिरवली. दुसऱ्या खेपेला फुगते की नाही म्हणून मधेच दार उघडून पाहिले, तर ते तेथेच बसले. तिसऱ्या रविवारी मात्र साधले. आता आमच्या घरात माणसे पाच. प्रमाण सांगते, भगिनींनी लिहून घ्यावे. चार माणसांना तीन अंडी, अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी दूध आणि चिमूटभर मीठ गुठळी न राहता फेटावे. वाटी मोठी, पाव लिटरची घ्यावी. पीठ वीस मिनिटे मुरू द्यावे. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ नसलेला दहा इंची बिडाचा तवा काठ उंच असलेला घ्यावा, आणि ओव्हन २२० अंशांवर ठेवून त्यातच तापवावा. दोन मोठे चमचे लोणी टाकून ते वितळताच पीठ ओतावे. वीस मिनिटे दार उघडू नये. आम्ही पाचजण, म्हणून मी चार अंडी घेते आणि बाकीचे त्या बेताने वाढवते.

त्या रविवारी मी तवा टेबलावर ठेवला तेव्हा सासूबाई सवयीने उलथने हातात घेऊन उभ्याच होत्या. उलटायला काही नव्हते. मी पाच भाग केले आणि पाच ताटल्यांत घातले.

"आणि वाढूचा कोणी?" त्यांनी विचारले.

"एकदाच वाढून झाले, आई. आता तुम्ही बसा."

त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून ह्यांच्या शेजारी बसल्या. सणवार, लग्नकार्ये सोडली तर न्याहारीला मुलाच्या पंगतीस बसलेल्या मी त्यांना प्रथमच पाहिल्या. अर्धे खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "घावनाची सर काय येवची नाय." सगळे हसले. थोड्या वेळाने खाली बघून हळूच म्हणाल्या, "पण गरम आसा."

त्यांचे म्हणणे खरे आहे. घावनाची सर त्याला नाही, आणि मी घावने सोडलेलीही नाहीत. रविवारी ओव्हन, बाकी सहा दिवस तवा आहेच. फरक एवढाच झाला की आता ज्याचे खाऊन होते तो तव्यापाशी उभा राहतो आणि करणारीला बसवतो. थोरल्याची घावने अजून वेडीवाकडी होतात. ह्यांचे पहिले घावन तव्याला चिकटते, दुसरे बरे निघते. तेव्हा दोष तव्याचा नव्हता, हे मला पंचवीस वर्षांनी का होईना कळले.

जाता जाता मंडळाला एक विनंती. दर वर्धापनदिनाला आपल्याच आठ-दहा भगिनी पहाटेपासून मागच्या पडवीत फराळाचे करतात, आणि पाहुण्यांची पाने उठल्यावर गार झालेले खातात. मी स्वतः बारा वर्षे त्यांच्यात होते. यंदा रौप्यमहोत्सवात पहिली पंगत त्यांची बसावी. वाढायला आम्ही बाकीच्या आहोत. आणि स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापतात, तिच्या शेजारी फराळ करणाऱ्या भगिनींची नावेही छापावीत. यादी मी चिटणीसबाईंकडे देऊन ठेवली आहे.